पीआयसीचा रकाना

पाती अजून फिरत होती, तेवढ्यात पोरानं गुडघ्यावर लॉगबुक उघडून ओळ भरलीसुद्धा. आर-२२ हेलिकॉप्टर, ड्युअल म्हणजे शिक्षकाबरोबरचे तास १.२, पीआयसी म्हणजे पायलट-इन-कमांड, कॅप्टन म्हणून उडवलेले तास, तेही १.२. मी वाचलं आणि तोंडातून निघून गेलं, "पीआयसी? तू?"

"ताई, नियमच आहे तसा."

नियम आहे, हीच तर पंचाईत.

मी ॲरिझोनात हेलिकॉप्टर शिकवते. उन्हाळ्यात आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो, कारण ऊन चढलं की हवा विरळ होते आणि दोन माणसं घेतलेलं आर-२२ जमिनीपासून चार फुटांवर धापा टाकायला लागतं. हा मुलगा कोल्हापूरचा. प्रायव्हेटचं लायसन्स त्यानं दुसऱ्या शाळेत श्वायझर ३००सीवर काढलेलं, कमर्शियलसाठी आमच्याकडे आला, आणि आमच्याकडे सगळी रॉबिन्सन कंपनीची, आर-२२ त्यातलंच.

बाहेरच्यांना वाटतं, स्प्लेंडर चालवणाऱ्याला शाइन चालवता येतेच की. तसं नाही. श्वायझरला तीन पाती, आर-२२ला दोनच आणि हलकी. सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे-बाजूला झुकवायची दांडी, श्वायझरमध्ये गुडघ्यांमधून सरळ वर येते, मनगट मांडीवर टेकतं. इथे मधून आलेला टी-बार, पहिल्या तासात हात अधांतरी राहून भरून येतो. ३००सीच्या इंजिनाला कार्ब्युरेटरच नाही, त्यामुळे कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडायची, ही सवय या पोराला लागलेलीच नव्हती. इंजिनाची ताकद दाखवणारं मॅनिफोल्ड प्रेशर १८ इंचांखाली गेलं की तापमानाच्या काट्याकडे न बघता पूर्ण हीट ओढायची, हे मी त्या सकाळी किती वेळा ओरडले असेन! सगळ्यात वाईट त्याची मूठ. श्वायझरवर थ्रॉटल हातानं सतत जुळवत राहावं लागतं. आर-२२मध्ये ते गव्हर्नर नावाची यंत्रणा आपोआप करते, पण तुम्ही मूठ आवळली की तिला करूच देत नाही. "अंडं धरल्यासारखं धर," मी म्हणायचे. तो दोन मिनिटं अंडं धरायचा, मग पुन्हा बैलाचा कासरा.

अशाच कारणांनी एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, १९९५ साली रॉबिन्सनसाठी खास नियम काढला, एसएफएआर ७३. हेलिकॉप्टरवर २०० तास आणि त्यातले ५० आर-२२वर नसतील, तर किमान १० तास शिकून शिक्षकाची सही घेतल्याशिवाय तुम्ही आर-२२चे कॅप्टन होऊ शकत नाही. याचे सगळे मिळून ५८ तास. म्हणजे कॅप्टन मी.

पण कॅप्टन असणं वेगळं आणि तसे तास लिहिणं वेगळं. लॉगबुकचा नियम ६१.५१ म्हणतो, ज्या वर्गाचं रेटिंग तुमच्याकडे आहे त्या वर्गाच्या विमानाचे कंट्रोल जितका वेळ फक्त तुमच्या हातात असतील, शेजारी शिक्षक असला तरी, तो वेळ पीआयसी म्हणून लिहा. रेटिंग हेलिकॉप्टरचं असतं, आर-२२चं वेगळं नसतंच. आणि शिक्षक म्हणून मीही तेच १.२ पीआयसी लिहायचे. एका गुंठ्याचे दोन सातबारे, दोन्ही कायदेशीर. कमर्शियलला हेलिकॉप्टरवरचे ३५ तास पीआयसी लागतात, त्याच्याकडे सोलोचे, म्हणजे एकट्यानं उडवलेले, जेमतेम दहा. हेलिकॉप्टरच्या भाड्याचा दर बघता त्याची घाई मला कळत होती. आमच्यातले काही शिक्षक तर या नियमाची जाहिरात करूनच विद्यार्थी ओढतात.

"भारतात जाणार आहेस ना? तिथलं विमान खातं, डीजीसीए, शिक्षकाबरोबरचे तास ड्युअलच धरतं. मग तिथे काय दाखवशील?" मी विचारलं.

"तिथलं तिथं बघू."

मग मी त्याला सकाळची आठवण दिली. ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिन बंद पडल्यासारखं करून नुसत्या फिरत्या पात्यांवर उतरण्याचा सराव, मी अचानक देत नाही, आधी मोजून सांगते. आर-२२मध्ये कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन कमी-जास्त करणारा डाव्या हाताचा दांडा, आधी खाली जायला हवा, थ्रॉटल नंतर. यानं थ्रॉटल आधी फिरवला आणि कलेक्टिव्ह श्वायझरच्या निवांतपणे उतरवायला घेतला. पात्यांचा वेग ९७ टक्क्यांवर आला तसा हॉर्न वाजला, दिवा लागला, काटा पडतच होता. या यंत्रात विचार करायला सेकंदभरच मिळतो. मी "माझ्याकडे" म्हणून कलेक्टिव्ह खाली दाबला, सावरलं, आणि पुढची दोन ऑटो मीच करून दाखवली. बारा मिनिटं गेली असतील.

त्यानं निमूटपणे १.२वर रेघ मारून शेजारी १.० केलं, आद्याक्षरं टाकली. मी शिकवल्याची सही केली. चीफला, आमच्या मुख्य शिक्षकाला, सांगितलं तर तो म्हणाला, लिहू दे, वही त्याची आहे.

शेवटच्या तीन ऑटो त्याच्या होत्या. पण तोवर माझा डावा हात माझ्या बाजूच्या कलेक्टिव्हवरून हलला नव्हता. नुसता ठेवलेला, असं मी स्वतःला सांगते. तिसरी छान झाली, पात्यांच्या वेगाचा आकडा शंभराच्या आसपास राहिला, मी "शाब्बास" म्हणाले. त्या वेळी कलेक्टिव्ह त्यानं दाबला की माझ्या तळव्यानं, हे मला त्या सेकंदालाही नीट कळलं नव्हतं. ती ऑटो त्या १.०मध्ये आहे. उद्या सहाला त्याचं पुढचं उड्डाण आहे, आणि हात कुठे ठेवायचा ते माझं अजून ठरलेलं नाही.