सीपॅप मशीन आणि कोरडा पडणारा घसा: माझा अनुभव

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते लावल्यावर माझं घोरणं पहिल्याच रात्री थांबलं, आणि पहाटे घसा असा कोरडा पडला की घोटभर पाणी आत जाईपर्यंत तोंडातून शब्द निघेना. जीभ टाळूला चिकटलेली, ओठांच्या कडेला पांढरट चिकट थर, आवंढा गिळायलाही कष्ट. मशीन नव्याने सुरू करणाऱ्या बऱ्याच जणांना हा त्रास होतो आणि त्यापायी कित्येक जण ते कपाटावर ठेवून देतात. ते कुणी करू नये असं मला फार वाटतं, म्हणून माझी वाट कशी निघाली ते सविस्तर लिहिते.

मी अकोल्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा अकोट रस्त्यावरच्या एका गावात आहे. रात्री मोठ्याने घोरणं, दुपारी वह्या तपासताना झापड, आणि दोन गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नव्हतं, म्हणून छातीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. एएचआय ३८ निघाला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडत होता किंवा अर्धवट होत होता. हा आकडा ५ च्या आत हवा. ३० च्या वर गेला की आजार तीव्र धरतात. मशीनवर तो ३ च्या आसपास आला. दिवसाची झापड गेली. एवढा फायदा देणारी गोष्ट घशासाठी सोडून द्यायची नाही, हे माझं तेव्हाच ठरलं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. त्याआधी या आजाराच्या गंभीर रुग्णांना गळ्याला छिद्र पाडून तिथे नळी बसवावी लागायची. हे वाचलं तेव्हा आपण कोणत्या काळात आजारी पडलो याचं मोल मला कळलं.

पण आवाजाचा प्रश्न होताच. उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची असते. सातच्या सुमारास परिपाठ, लगेच पहिला तास, आणि मी मराठी शिकवते. कविता म्हणायला घेतली की आवाज फाटायचा. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाज काहून असा येते?" तिने काळजीनेच विचारलं होतं. त्या दिवशी कविता मुलांकडूनच म्हणवून घेतली.

मशीन जिथून घेतलं तिथे फोन केला. उत्तर एकच: ह्युमिडिफायरचा आकडा वाढवा. ह्युमिडिफायर म्हणजे मशीनला जोडलेली पाण्याची डबी. तिच्या तळाशी तापणारी पट्टी असते आणि हवा त्या कोमट पाण्यावरून वाहत तुमच्यापर्यंत येते. आकडा ३ चा ५, ५ चा ८ झाला. डिसेंबरचे दिवस होते. रात्री नळीतून गुडगुड आवाज येऊ लागला आणि मध्येच गार पाण्याचे थेंब थेट नाकावर पडले. घसा होता तसाच कोरडा. पुन्हा फोन केला, तर "सवय होईल" म्हणाले. या उत्तराचा मला आजही राग येतो. घसा दुखतोय म्हणणाऱ्या माणसाला निदान दोन प्रश्न तरी विचारायला हवेत: नाक कोरडं पडतं की तोंड? रात्री नाक चोंदतं का?

हे दोन्ही प्रश्न विचारले ते डॉक्टरांनी. मशीनमधलं कार्ड काढून त्यांनी संगणकावर रात्रीचे आलेख उघडले. एक रेघ प्रेशरची, एक लीकची. लीक म्हणजे मास्कच्या फटीतून किंवा उघड्या तोंडातून वाया जाणारी हवा. माझ्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरपर्यंतची लीक चालते. माझी रेघ मध्यरात्रीपर्यंत तळाशी सपाट होती, आणि पहाटेच्या बाजूला डोंगरासारखी वर चढलेली. मास्क नाकापुरताच होता आणि नीट बसलेला होता. म्हणजे हवा तोंडातून निसटत होती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, पहाटे तुझ्या ओठांतून फुर्र फुर्र आवाज येतो. मला वाटलं, मशीनचाच असेल."

डॉक्टरांनी कागदावर नाकाचं चित्र काढून जे समजावलं, ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा नाकातलं ओलसर अस्तर त्या हवेला ऊब आणि ओल देतं. श्वास सोडताना तीच ओलसर हवा परत नाकातून जाते आणि दिलेली ओल बरीचशी परत मिळते. तोंड उघडं पडलं की सीपॅपची हवा नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर पळते. ओल नुसती जात राहते, परत येत नाही. अस्तर सुकतं, मग सुजतं, नाक चोंदतं, आणि चोंदलं की तोंड आणखी उघडतं. हे चक्र रात्रभर चालतं. ह्युमिडिफायरने त्याला थोडा आळा बसतो, पण माझं मुळातच नाक बंद असेल तर डबीतलं पाणी कितीसं पुरणार?

म्हणून आधी नाक. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं: धुळीची ॲलर्जी, आतलं अस्तर सुजलेलं, पडदा किंचित वाकडा. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. वर्गात खडू आणि रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची धूळ, ॲलर्जीला आमच्याकडे निमित्त कमी नाही. रात्री मी ॲलर्जीची एक गोळी बऱ्याच वर्षांपासून घेत होते. त्या जातीच्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडू शकते, म्हणून ती बंद करून त्यांनी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे दिला. शिवाय झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे. स्प्रे मारण्याची रीत त्यांनी करून दाखवली: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, आणि स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला. मारल्यावर जोरात ओढायचं नाही. परिणाम दिसायला दिवस जातात, एका रात्रीत काही होत नाही. नाक लगेच मोकळं करणारे थेंब दुकानात सहज मिळतात, पण ते काही दिवसांवर वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं, ही ताकीदही त्यांनीच दिली. त्याच भेटीत साखर तपासली, कारण तोंडाला कोरड मधुमेहातही पडते. ती नॉर्मल आली.

घरच्या उपायांचं मला वेगळं लिहायचं आहे, कारण आपल्याकडे घसा बसला की घरचं प्रत्येक माणूस वैद्य असतं, आणि सगळं प्रेमापोटी असतं. सासूबाई म्हणाल्या, "नाकात साजूक तूप सोडून पाहय वं बाई, सकाळलोक घसा मोकळा होते." माझी आईही हेच करायची. पण डॉक्टरांनी सीपॅपसोबत तूप किंवा तेल नाकात घालायला ठाम नकार दिला. हवेच्या दाबाबरोबर ते थेंब श्वासात जाऊन फुप्फुसात उतरू शकतात आणि तिथे त्यांचा त्रास होतो. ज्येष्ठमधाची काडी चघळणं हा आम्हा शिक्षकांचा जुना आधार, पण रोज चघळलं तर ज्येष्ठमध बीपी वाढवतं, आणि मी बीपीची पेशंट. तीही सुटली. खडीसाखरेचा डबा माझ्या उशाशी असायचा. दातांच्या डॉक्टरांनी तो हलवायला लावला. लाळ दातांचं रक्षण करते. ती आटलेल्या तोंडात रात्री साखर राहिली की कीड लागायला वेळ लागत नाही. त्यांनी फ्लोराइडची पेस्ट आणि दिवसा चघळायला बिनसाखरेचं च्युइंगम सांगितलं. तोंडाला कोरड पडत असेल त्यांनी दात आवर्जून दाखवावेत. हे सीपॅपच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही.

तोंड मिटून राहावं म्हणून हनुवटीचा पट्टा वापरून पाहिला. जबडा वर राहतो, पण ओठांच्या मधून हवा जायची ती जातेच. मला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, काहींना होतो म्हणतात. ओठांवर चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ भाचीने पाठवले. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले: माझं नाक केव्हाही चोंदतं आणि मला ॲसिडिटी आहे, रात्री उलटी आली तर तोंड बंद असणं धोक्याचं. मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेतला. घशाला पहिल्याच रात्री फरक पडला. पण माझा चेहरा लहान, नाकाच्या घाटावर फट राहायची आणि हवेची धार सरळ डोळ्यांत. सकाळी घसा बरा आणि डोळे लाल. पट्टा आवळला तर नाकावर वळ.

दरम्यान स्प्रेने नाक मोकळं व्हायला लागलं होतं, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा नाकाचाच मास्क लावायला सांगितला. कार्डावरून दिसत होतं की रात्रीचा बहुतेक वेळ मला १० सेंटिमीटरच्या आतलं प्रेशर (हवेचा दाब, तो पाण्याच्या उंचीत मोजतात) पुरतं. त्यांनी वरची मर्यादा १५ वरून ११ वर आणली आणि श्वास सोडताना दाब थोडा उतरावा अशी सोय चालू केली. प्रेशर जितकं जास्त तितके ओठ उघडायची शक्यता जास्त. पण हे आकडे आपले आपण बदलायचे नाहीत. मर्यादा फार खाली आणली तर श्वास पुन्हा अडू लागतो. मी कुशीवर झोपू लागले, पाठीमागे लोड ठेवून. लीकची रेघ हळूहळू खाली बसली आणि त्याबरोबर घसाही.

नाक उघडल्यावर ह्युमिडिफायर खरं काम करू लागला. तो ऋतूप्रमाणे बदलावा लागतो, हे आमच्या भागात राहून शिकले. थंडीत खोली गार असते, वाफ नळीतच थिजते आणि गुडगुड सुरू होते. त्यावर मी जुन्या स्वेटरची बाही उसवून नळीवर चढवली, वर-खाली दोन टाके घातले. मशीन पलंगाच्या उंचीच्या खाली, स्टुलावर ठेवलं, म्हणजे नळीत जमलेलं पाणी नाकाकडे न येता डबीकडे उतरतं. तापणारी नळीही मिळते, पण मला बाहीने भागलं. मार्च-एप्रिलची कोरडी हवा सगळ्यात वाईट. तेव्हा आकडा ६ वर असतो. मे महिन्यात कूलर लागला की खोलीतच ओल होते आणि ३ पुरतो. पावसाळ्यात त्याहून कमी. मुलीकडे पुण्याला एसीत झोपायचं तर परत वर. रात्री वीज गेली आणि मशीन इन्व्हर्टरवर आलं की मी पाणी तापवणं बंद करते. सगळ्यात जास्त वीज तेच खातं. नुसत्या हवेला फार लागत नाही, आणि डबीत पाणी असेल तर न तापवताही थोडी ओल मिळते.

पाण्याचं मात्र आमच्याकडे जपावं लागतं. माझी शाळा आहे तो पट्टा पूर्णेच्या काठचा, खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. सासरी गेले असताना एकदा डिस्टिल्ड वॉटर संपलं आणि घरातलं भरलेलं पाणी घातलं, तर सकाळी डबीच्या तळाशी पांढऱ्या क्षाराचं रिंगण उठलं होतं, नखाने खरवडूनही निघेना. पाणी घालून सौम्य केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर निघालं. तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटरची बाटली बॅगेतच असते. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून डबी साध्या साबणाने धुते, उन्हात न ठेवता सावलीत वाळवते. भरताना रेघेच्या वर नाही, आणि पाण्यासकट मशीन उचलायचं नाही. आत पाणी शिरलं तर मशीनच जातं.

सर्दी झाली की अजूनही तोंड उघडतं. नाक गच्च असताना नाकाच्या मास्कवर हट्ट धरण्यात अर्थ नाही. मोठा मास्क मी त्यासाठीच जपून ठेवला आहे. अशा रात्री तो लावते, ह्युमिडिफायर दोन आकड्यांनी चढवते, मिठाच्या पाण्याचा स्प्रे झोपताना आणि मध्ये जाग आली तर तेव्हाही. डोळ्यांकडे हवा येते, तेवढं सोसते. नाक सुटलं की परत लहान मास्क.