चोवीस तासांचा कॅन

माझी मुलगी आता सात महिन्यांची आहे आणि धडधाकट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी जीव मुठीत धरून बसायला नको. काळजी सगळी संपली, राग तेवढा उरलाय. तो आहे गरोदरपणात बीपी चढलं तेव्हा चोवीस तासांची लघवी साठवायला लागलेल्या एका पाच लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनवर.

तेहतीस आठवडे झाले होते. माहेरी आले होते, डोहाळजेवण नुकतंच उरकलं होतं. हिरवा चुडा भरताना कासारीण म्हणालीच होती, "हात किती सुजलेत गं तुझे!" पण जमलेल्या सगळ्यांचं एकच, या दिवसांत सूज येतेच. ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे आशाताईनं मला अक्षरशः ओढून नेलं. बीपी १५०/१००. लघवीत पट्टी बुडवली, तर प्रोटीन दोन प्लस, म्हणजे नको तेवढं. १०२ ची गाडी आली, संध्याकाळच्या आत मी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखल. बीपीची गोळी सुरू झाली, बाळाच्या फुप्फुसांसाठी बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं लागली. इथवर माझी कशाबद्दलही तक्रार नाही. चुडा मात्र कापावा लागला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सिस्टरनं डाव्या हातातली एक सैल बांगडी तशीच ठेवली. अंगठ्या, जोडवी घरीच काढून जा, सुजलेल्या बोटातून निघता निघत नाहीत.

राउंडला डॉक्टरांनी लिहिलं: चोवीस तासांच्या लघवीतलं प्रोटीन. त्यासाठी कॅन बाहेरून आणायचा. नवऱ्यानं तेलाचा डबा धुऊन आणला. तो चालत नाही. मग पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला, तो चालला.

शुक्रवारी सकाळी ७ वाजता मी मोठ्या उत्साहानं सुरुवात केली. दुपारच्या ड्यूटीच्या सिस्टरनं विचारलं, "पहिली टाकून दिलीस ना?" मी कशाला टाकू? चोवीस तासांची म्हणजे सगळी, असं मला वाटलं. तर तसं नसतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी फेकायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटचीही कॅनमध्येच. हे मला सकाळी कुणी सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता. कॅन ओतला.

शनिवारी पुन्हा ७. या वेळी एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. रात्री दोनदा पोट सांभाळत, हातात लघवीसाठीचा प्लॅस्टिकचा मग घेऊन, भिंतीला धरत गेले. रविवारी सकाळी नवरा कॅन घेऊन लॅबच्या खिडकीवर गेला आणि तसाच परत आला. रविवारी फक्त इमर्जन्सी सॅम्पल घेतात. आता शनिवारी सुरू केलेले चोवीस तास रविवारीच संपणार, हे कळायला पंचांग बघावं लागतं का? शनिवारी तीन ड्यूट्या बदलल्या, प्रत्येक सिस्टरनं येता-जाता तो कॅन बघितला, पण वार कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, हे कबूल.

सोमवारी तिसऱ्यांदा. मंगळवारी पहाटे साडेपाचला फरशी पुसायला नवीन मावशी आल्या. खाटेखाली भरलेला कॅन दिसला, तो त्यांनी इमानेइतबारे ओतला आणि स्वच्छ धुऊन जागेवर ठेवला. दीड तास राहिला होता फक्त. मी रडले. मावशी इतक्या घाबरल्या की शेवटी मीच त्यांची समजूत घालत बसले. तेव्हा कॅनवर नाव, खाट नंबर, सुरू केल्याची वेळ आणि "ओतू नये" असं मोठ्या अक्षरांत लिहा. मी नंतर लिहिलं.

मंगळवारी चौथ्यांदा. बुधवारी सकाळी कॅन भरला, नवरा ९ वाजता खिडकीवर. फॉर्मवर एकूण किती मिली ते लिहिलेलं नाही. परत वॉर्डात. मापाचं भांडं लेबर रूममध्ये, ते मिळाल्यावर मोजून लिहिलं. पुन्हा खिडकी. डॉक्टरांची सही नाही. डॉक्टर सिझेरियनला. खिडकी १ वाजता बंद होते. १२.५० ला सही मिळाली, आमचे हे कॅन छातीशी धरून जिन्यावरून पळत गेले. सॅम्पल घेतलं. "रिपोर्ट उद्या."

तो उद्या आला नाही, कारण त्याच रात्री माझं डोकं फुटायला लागलं. कपाळावर कुणी वरवंटा ठेवावा तसं, आणि डोळ्यांपुढे काजवे. मी आईला म्हटलं, झोप नाही म्हणून असेल. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सिस्टरला हाक मारली, देव तिचं भलं करो. असं डोकं दुखणं, दिसायला अंधुक होणं किंवा बरगडीखाली उजवीकडे कळ येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. सिस्टरनं बीपी बघितलं, १७०/११०. पुढच्या दहा मिनिटांत माझ्याभोवती चार जणी होत्या.

बीपी असं चढलं की झटके येऊ शकतात, ते येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम देतात. "अंग भाजल्यासारखं होईल, घाबरू नकोस," सिस्टर म्हणाली. शिरेतून औषध जायला लागलं आणि कानशिलापासून खाली अंगभर आग उतरत गेली. मग दोन्ही कुल्ल्यांवर एकेक इंजेक्शन. त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. पुढं दर चार तासांनी एक. पण प्रत्येक इंजेक्शनच्या आधी ती येऊन माझा पाय आपल्या हातावर अलगद तोलायची आणि स्टेथोस्कोपच्या कडेनं गुडघ्याखाली टिचकी मारायची. पाय उडाला की मान हलवायची. मग घड्याळाकडे बघत माझे श्वास मोजायची, आणि खाटेला टांगलेल्या पिशवीतली लघवी बघायची. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली तर ते अंगात साठतं, आधी गुडघा उडायचा थांबतो आणि मग श्वास मंदावतो. त्यावरचा उतारा, कॅल्शियमची एक अँप्युल, तिनं ट्रेमध्ये काढूनच ठेवली होती. दिवे मंद केले, खाटेचे कठडे वर केले, आईला म्हणाली, "मावशी, पाय चेपू नका, बोलूही नका, नुसत्या बसा."

पहाटे मी तिला विचारलं, काय लिहिताय? तासातासाला किती मिली, ते. ३५. ४०. ४५. चार कॅन आणि सहा दिवस गेले तरी माझ्या लघवीचा हिशेब या रुग्णालयाला लागला नव्हता. तो एका रात्रीत, एका बाईनं, एका कागदावर मांडून ठेवला होता. मला हसू आलं, तर ती दचकून परत गुडघा तपासायला आली.

डॉक्टर म्हणाले, आता कॅनच्या रिपोर्टसाठी थांबायचं कारणच नाही, चौतीस आठवडे झालेत, बाळ काढू. गुरुवारी रात्री मुलगी झाली, १ किलो ८०० ग्रॅम. नऊ दिवस काचेत होती. औषधं, तपासण्या, जेवण, घरी सोडणारी गाडी, कशाचेही पैसे लागले नाहीत. कॅनचे लागले.

आणखी एक, राहून जाईल. चालत येऊन लगेच बीपीला हात पुढे करू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, मग हात द्या. आणि बाळ झालं की बीपी उतरतंच असं नाही. माझं चौथ्या दिवशी पुन्हा चढलं होतं. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, म्हणून सहा आठवडे तपासायला जात राहा, घरचे कितीही म्हणोत की बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये.

सहा आठवड्यांनी मी शेवटच्या तपासणीला गेले, गोळी बंद झाली. परत येताना निव्वळ हट्टानं त्या खिडकीवर गेले. डिस्चार्ज कार्डावर "रिपोर्ट प्रलंबित" असं लिहिलेलं होतं, ते दाखवलं. आतल्या माणसानं रजिस्टरची दोन पानं उलटली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "सॅम्पल परत पाठवायला सांगितलं होतं, तुम्ही पाठवलंच नाही." मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. त्यानं खिडकीतून कोरा फॉर्म पुढे सरकवला.