गार पोळ्या

आज लेकीला तीनदा हाक मारली, "अगं, पोळ्या गार होतायत!" उत्तर नाही. मग माझाच फोन वाजला: "आले 2 मिनिट". भिंतीपलीकडून! मी नुसतं "बरं." पाठवलं, तर धावत बाहेर. "आई, चिडलीस का?" पूर्णविराम दिला की राग असतो म्हणे. शाळेत तो दिला नाही की मार्क कापायचे आमचे.

बोलायला मला तोंड नाही म्हणा. दिवाळीच्या दिवशी एसएमएसचा पॅक चालायचा नाही, म्हणून आदल्या रात्रीच शुभेच्छा पाठवून मोकळे होणारे आम्हीच. 160 अक्षरांत बसवायला शब्दांतले स्वर गाळायचो. देवनागरीत तर 70च मावायची.

पोळ्या शेवटी गारच खाल्ल्या तिने. एका हाताने.