घंटा राहिली, पायऱ्या मिळाल्या

मेणवलीला लोक घंटेसाठी जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यातलीच ही एक, अंगावर १७०७ साल असलेली, कृष्णेच्या घाटावर टांगली आहे. वाईहून जेमतेम तीन किलोमीटर. जानेवारीतल्या सकाळी सातला पोचलो, तर घंटेपुढे आधीच कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट! नवरी बिचारी पातळ साडीत गारठलेली. म्हटलं, होऊ दे त्यांचं. पायरीवर बसलो आणि कॅमेरा आपसूक खाली वळला.

खालून पाहिलं की पायऱ्या अंगावर येतात. वरून त्याच नुसत्या काळ्या-करड्या पट्ट्या होतात, इरकलीच्या काठासारख्या. ऊन तिरपं होतं, म्हणून टाकीचा घाव न् घाव दिसत होता. काळ्या दगडाला कॅमेरा हमखास फसतो, उगाच उजळ करतो; एक्स्पोजर एक स्टॉप उतरवलं तेव्हा कुठे दगड दगडासारखा आला. पायऱ्यांच्या कडा मात्र सगळीकडे सारख्या झिजलेल्या नव्हत्या. माणसं जिथून उतरतात, तिथेच दगडाला बशीसारखा खोलगटपणा. (त्या नादात शेवाळावरून घसरलो. लेन्स वाचली, कोपर नाही.)

खालच्या पायरीवर एक मावशी धुणं धूत होत्या.

"फोटू घंटंचा काढत्यात. ती तिकडं हाय."

"पायऱ्यांचा काढतोय, मावशी."

"त्यात काय काढायचं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "ही आमच्या सासूची जागा. ती हितंच बसायची. आता मी बसती."

वरच्या बाजूला नाना फडणवीसांचा वाडा. जुन्या वाड्यांचा तो नेहमीचा जिना, भिंतीच्या जाडीत दडवलेला, चढाला उभा आणि पाऊल आडवं टाकावं इतका अरुंद. तिथे कॅमेऱ्याचं काही चाललं नाही. सगळे फोटो हललेले आले. डोकं वाचवायला वाकून, हाताने भिंत चाचपत चढलो. हाताची उंची सगळ्यांची साधारण सारखीच असणार. भिंत तेवढ्याच पट्ट्यात गुळगुळीत लागली.

परत घाटावर आलो तेव्हा मावशी गेल्या होत्या. त्यांच्या पायरीवर साबणाचं पाणी वाळत होतं. एक फोटो घेतला. घंटेपाशी आता कुणीच नव्हतं, पण वाईची एसटी चुकली असती.