सीजे 3बी: मुरबाडचं शेत ते वागळे इस्टेट

मामांच्या मुरबाडच्या शेतावर कित्येक वर्षं उभी असलेली महिंद्रा सीजे 3बी जीप अखेर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये आली. इंजिन, पत्रा, वायरिंग यांचं सवडीने लिहीन. आजची नोंद फक्त गाडी हलवण्याबद्दल, आणि त्यातही हँडब्रेकबद्दल. आपल्या जुन्या जीपवाल्यांत नव्याने आलेल्यांना तो कुठे असतो हे बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं.

साध्या कारचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. या जीपच्या हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे आहे आणि तो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे तिथून मागच्या ॲक्सलला जाणारा फिरता दांडा, धरतो. चाकं थांबतात ती शाफ्ट आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे ॲक्सलमधले गिअर) यांच्यामार्फत. म्हणजे मागचा शाफ्ट उतरवला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी मोकळीच. मागचं एकच चाक जॅकवर घेतलं तरी धोका तोच. शाफ्ट जखडलेला असला तरी उचललेलं चाक उलटं फिरू शकतं, तसं जमिनीवरचं चाक पुढे सरकतं आणि जॅक कलंडतो. म्हणून पंक्चर असो वा ड्रम उघडायचा असो, आधी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, मगच जॅक. आणि चालत्या गाडीत हा ब्रेक ओढू नये, सगळा झटका शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि ट्रान्सफरच्या हौसिंगवर जातो.

मुरबाड ते ठाणे टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीमागे बांधून, आणायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. मी तो मानला नाही. ब्रेकचं पेडल थेट तळाला जात होतं. या गाडीचं हायड्रॉलिक सर्किट एकच, एक व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा) गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. टोचनच्या नियमाप्रमाणे दोन गाड्यांमध्ये 5 मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस लागतो आणि तिच्या पाठीवर किमान 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहावं लागतं. हे सगळं पाळलं तरी राजनोली नाक्यावरच्या कंटेनरांमध्ये, पुढची गाडी थांबली की ही टनभराची जीप थांबवणार कशाने?

शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत मात्र ओढावीच लागली. बांधाजवळ उतार आहे, तिथे दोर लावला असता तर जीप ट्रॅक्टरवर जाऊन आदळली असती. म्हणून लोखंडी रॉड घेतला. तो ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच अडकवला. वरच्या लिंकला बांधून ओढलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो मागे उलटू शकतो. जीपच्या बाजूने बंपरचे बोल्ट गंजलेले, त्यामुळे पकड थेट चासीला. पुढच्या ॲक्सलचा ड्राइव्ह सोडवला, ट्रान्सफर न्यूट्रलला टाकला. अंतर थोडं असल्याने शाफ्ट काढला नाही. ट्रान्सफर न्यूट्रलला असतानाही हँडब्रेक लागतो, कारण ड्रम गिअरच्या नंतर, शाफ्टच्या बाजूला आहे. तरी एक भाचा ठोकळा घेऊन गाडीच्या बाजूने चालत होता. मागून नाही, बाजूने.

पुढे फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा ट्रक. विंचने, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, चढवताना तारेच्या रेषेत आणि जीपच्या मागे कुणालाही उभं राहू दिलं नाही. बेल्ट बांधताना चालकाचा हात चासीकडे गेला, पण मी आग्रहाने ॲक्सलला बांधून घेतले. चासीला बांधलं की खड्ड्यात कमानपाटे दबतात आणि बेल्ट सैल पडतो. ॲक्सल जखडला की पाटे वरच्या वर खेळत राहतात. टाकी चालकाच्या सीटखालीच असते, ती आधी रिकामी केली, बॅटरी काढली. हूड (वरचं छत) उतरवलं, समोरची काच बॉनेटवर पाडून बांधली. रायत्याच्या पुलाआधी थांबून सगळे बेल्ट पुन्हा ताणले, सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये ते ढिले होतातच. रविवारी पहाटे निघाल्याने दुर्गाडी, कोन, माणकोली, खारेगाव, माजिवडा असं विनाखोळंबा पार पडलं.

शेडमध्ये हँडब्रेकचा ड्रम उघडला तर लायनर तेलाने चिंब. ट्रान्सफरच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती आहे. सील न बदलता नवे लायनर घालणं म्हणजे पैसे वाया, त्यामुळे आधी सील. मग मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, होज आणि पाइप नवे. ब्रेक धरू लागेपर्यंत इंजिनाला हात लावणार नाही, हे मिस्त्रींना सांगून ठेवलंय. ते सुरू झालं की गाडी फिरवून बघायचा मोह कुणालाच आवरत नाही.

हा सील बदलताना कुणी शाफ्टच्या फ्लॅंजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या भागावर) झिजलेली खाच बघितली असेल, तर ती घासून चालली की फ्लॅंजच बदलावा लागला, हे नक्की कळवा. माझ्या फ्लॅंजवर नखाला लागेल इतकी खाच आहे.