दोन मीटर छप्पन

बेळगावात, शहापुरातल्या आमच्या घरी, टीव्हीच्या वर, भिंतीवर एक लाल रेघ आहे. जमिनीपासून बरोबर 2.56 मीटरवर, मी स्टील टेपनं मोजून ओढलेली. 18 डिसेंबर 2019 ला सॅम्पडोरियाविरुद्ध रोनाल्डोनं युव्हेंटससाठी जो हेडर, म्हणजे डोक्यानं गोल मारला, त्याची उंची एवढी होती असं दुसऱ्या दिवशी सगळीकडं आलं. पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा. “काका, दोन मीटर छप्पन म्हंजे कुठपर्यंत?” असं त्यानं विचारलं आणि मी खिशातली टेप काढली. टोक त्यानं जमिनीला दाबून धरलं, मी स्टुलावर चढलो. आमच्या दाराची चौकट सात फुटांची. रेघ तिच्याही वर जवळजवळ दीड फूट गेली. पोरगं बराच वेळ मान वर करून नुसतं बघत राहिलं.

त्या दिवसापासून तो रोनाल्डोचा. मी मेस्सीचा. आणि वडगावात यंत्रमागावर आयुष्य काढलेले आमचे आप्पा मॅराडोनाचे.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, लेथवर जातं आणि शेवटी माझ्या टेबलावर. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, जास्त निघाले तरी मी जॉब परत पाठवतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत फुटबॉलचा वाद पेटला की सगळे माझ्याकडं वळतात. “तू मोजणारा माणूस, तूच सांग की.” आकडे तर तोंडपाठ आहेतच सगळ्यांना. रोनाल्डोचे 900 गोल 5 सप्टेंबर 2024 ला क्रोएशियाविरुद्ध पूर्ण झाले. बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मेस्सीला 8, रोनाल्डोला 5. युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग रोनाल्डोकडं 5, मेस्सीकडं 4. मेस्सीनं एकट्या 2012 सालात 91 गोल मारले. बाय-टू चहा येतो, संपतो, सुट्टीचा भोंगा होतो, आणि उद्या पुन्हा तेच आकडे, तेच आवाज.

आमच्या कामात नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की माप घ्यायच्या आधी डेटम ठरव. कुठल्या पृष्ठभागापासून मोजायचं ते आधी पक्कं कर. डेटम चुकला तर मायक्रोमीटर कितीही भारी असू दे, आलेलं माप खोटं. फुटबॉलच्या वादात हे कुणी करतच नाही.

एकदा पुतण्यानं विचारलं, “आज्जा, तुमच्या मॅराडोनाकडं बॅलन डी’ओर किती?” आप्पा गप्प. त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि नातवापुढं गप्प बसावं लागलं ते त्यांना लागलं. मला राहवलं नाही. 1995 च्या आधी तो किताब फक्त युरोपच्या खेळाडूंनाच मिळायचा. नंतर मानाचा म्हणून दिलेला सोडला तर मॅराडोनाला एकही नाही, पेलेलाही नाही. ती स्पर्धा त्यांच्यासाठी नव्हतीच. त्या खान्यात शून्य लिहायचं की खानाच रिकामा ठेवायचा? मी म्हणतो रिकामा ठेवायचा. शून्य म्हणजे मोजून काही निघालं नाही. रिकामा म्हणजे मोजलंच नाही. आमच्या रिपोर्टात या दोन्हींत घोळ केला तर मला घरी बसवतील.

विश्वचषकाचं तर लोकांनी गो/नो-गो गेज करून टाकलंय. गेजची गो बाजू भोकात गेली आणि नो-गो अडली तर पास, नाहीतर रिजेक्ट. या हिशेबानं पुश्काश रिजेक्ट. हंगेरीसाठी 85 सामन्यांत 84 गोल, पण 1954 ची फायनल पश्चिम जर्मनीनं 3-2 नं नेली. 1974 ला नेदरलँड्सच्या क्रायुफचं तेच. आणि 18 डिसेंबर 2022 च्या संध्याकाळपर्यंत मेस्सीही त्याच ट्रेमध्ये पडून होता. 2014 ची फायनल गेली, 2016 ला कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये पेनल्टी बारवरून गेली, त्यानं देशाकडून खेळणंच सोडतो म्हणून सांगितलं. त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

2022 ची फायनल आम्ही त्याच खोलीत, त्या लाल रेघेखाली बसून बघितली. रविवार होता, साडेआठला सुरू झाली. पोर्तुगाल आठवड्यापूर्वीच मोरोक्कोकडून हरून घरी गेलं होतं, रोनाल्डो रडत आत गेला होता, तरी पुतण्या आमच्यात येऊन बसला. अर्जेंटिनाच्या 2-0 वरून फ्रान्सच्या एम्बाप्पेनं दोन मिनिटांत 2-2 केलं तेव्हा आप्पा उठून देवापुढं गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मग 3-3. आणि अगदी शेवटी, 123 व्या मिनिटाला, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर. आमचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझनं डावा पाय लांब केला आणि चेंडू नडगीला लागून गेला. मग पेनल्ट्यांवर कप अर्जेंटिनाचा.

तो पाय वीतभर इकडं असता तर कप फ्रान्सचा. मग मेस्सी लहान झाला असता काय? त्याच्या पायातलं काय कमी झालं असतं? मी त्याचा माणूस आहे, कप मिळाला तेव्हा ढसाढसा रडलो, तरी सांगतो, दुसऱ्याच्या नडगीवर याचं थोरपण ठरतं हे मला मान्य नाही.

मग ठरवायचं कशावर? हे मला आप्पांकडं बघून कळलं.

22 जून 1986. विश्वचषकात अर्जेंटिना-इंग्लंड. मेक्सिकोत दुपार, आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, काळा-पांढरा. मी सात वर्षांचा, आप्पांच्या मांडीवर अर्धवट झोपेत. ते दुसरी पाळी करून थेट तिथं आले होते, अंगाला सुताचे तंतू चिकटलेले. इंग्लंडविरुद्धचा तो पहिला हातानं केलेला गोल त्यांना आजही आवडत नाही. विषय निघाला की “तो न्हाय, दुसरा” म्हणतात. आणि दुसरा सांगायला ते बसून राहत नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठतात, चपला बाजूला सारतात. पाठ टीव्हीकडं करतात, कारण मॅराडोनाची पाठही गोलकडंच होती. मग डाव्या तळव्याखाली चेंडू ओढून गर्रकन वळतात, म्हणजे आता हळूच वळतात, पण वळताना टाच अजून तशीच उचलतात. “हितं दोघं राहिले. ह्यो बुचर गेला. ह्यो फेनविक. आता शिल्टन आला, त्येला बसवला.” शेवटी मागून बुचरचा पाय येतो तेव्हा आप्पा पलंगाच्या कडेला धरून थांबतात. जेमतेम दहा-अकरा सेकंदांचा गोल. आमच्या घरात त्याला दोन मिनिटं लागतात.

मॅराडोनानं एकूण गोल किती मारले, हे आप्पांना विचाराल तर त्यांना येणार नाही. मलाही बघावं लागेल.

पुतण्याचंही तसंच. 900 चा आकडा तो पाय हलवत बसून सांगतो. पण 3 एप्रिल 2018 ची ट्यूरिनमधली ती बायसिकल किक सांगायची वेळ आली की पाठ पलंगावर टाकतो आणि उजवा पाय वर. रोनाल्डो तेव्हा रिअल माद्रिदचा, तरी त्या गोलनंतर युव्हेंटसचे प्रेक्षक, म्हणजे समोरचे, उभं राहून टाळ्या वाजवत होते. आणि मी? मला 2022 ची सेमीफायनल विचारा. क्रोएशियाचा ग्वार्डिओल, वीस वर्षांचं धिप्पाड पोरगं, तोंडाला मास्क. मेस्सी पस्तिशीचा. उजव्या कडेनं निघाला, थांबला, पुन्हा निघाला, पाठ लावून फिरला, आणि एंड लाइनवरून अल्वारेझला आत दिला. हिशेबात तो गोल अल्वारेझचा, मेस्सीच्या नावावर नुसता एक पास. पण तो सांगताना मी कँटीनमध्ये उप्पिटाची बशी खाली ठेवून उभा राहतो. खांदा आपोआप वळतो.

माझ्या लेखी लेजंड तो, ज्याचं खेळणं सांगताना सांगणाऱ्याला उठावं लागतं.

हे मी कँटीनमध्ये मांडलं तर आमच्या हीट ट्रीटमेंटच्या अण्णांनी “इल्ल्री” म्हणून मान हलवली. ते बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे, सुनील छेत्रीचे भक्त. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही जे दाखवता ते सगळं भरलेल्या स्टेडियममधलं. जून 2018 मध्ये मुंबईत भारताचा चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता, भारत 5-0 जिंकला, छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. मग त्यानं व्हिडिओ करून हात जोडले, की शिव्या द्यायला या, पण या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना त्याचा शंभरावा. तिकिटं संपली, आणि त्यानं दोन गोल मारले. 6 जून 2024 ला कोलकात्यात त्यानं निरोप घेतला तेव्हा 151 सामन्यांत 94 गोल होते, खेळत असलेल्यांत त्याच्या पुढं फक्त रोनाल्डो आणि मेस्सी. पुढच्या वर्षी भारताकडून पुन्हा मैदानात आला. अण्णा म्हणाले, मेस्सीला कधी ‘बघायला या’ म्हणावं लागलं काय?

मला उत्तर सुचलं नाही, आणि मी उगाच शोधलंही नाही. वर कोल्हापुरात तालमींचे संघ, घाटाखाली गोवा, मधे आम्ही. फुटबॉल आमच्याकडं दोन्ही बाजूंनी आला, कॅम्पातल्या पलटणींनी आणला तो आणखी वेगळा. तरी आपला भारताचा सामना असताना कँटीनमधल्या टीव्हीवर क्रिकेट चालू असतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. अण्णांचं म्हणणं मी माझ्या मापात घेतलंय. छेत्रीच्या पायाखालची जमीनच खोल होती.

जमिनीवरून सांगतो. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही घरात टाइल्स घातल्या. जुनी शहाबादी फरशी उखडली नाही, तिच्यावरच बसवल्या. पुतण्या आता पंधराचा, रविवारी लेले मैदानावर खेळायला जातो. टाइल्स वाळल्या त्या संध्याकाळी त्यानं उडी मारली आणि त्याची बोटं रेघेला लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा. घरभर ओरडत फिरला. मग एकाएकी गप्प झाला, खाली बघितलं, वर बघितलं. “काका, रेघ खाली आली.”

मोजलं. 38 मिलिमीटर. रोनाल्डोची उडी होती तेवढीच, आम्ही जमीन वर उचलली होती.

मला पेले आठवला. 1966 ला पोर्तुगालविरुद्ध त्याला इतकं तुडवलं की उचलून बाहेर न्यावं लागलं, आणि बदली खेळाडूची सोयच नसल्यामुळं लंगडत परत यावं लागलं. पिवळं-लाल कार्ड आलं ते 1970 च्या विश्वचषकात. 1983 ला गोइकोएचियानं मागून येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला. आज तसा टॅकल झाला तर थेट लाल कार्ड, वर अनेक कॅमेऱ्यांतून तपासणी. त्यांच्या वेळच्या जमिनीवर अशा किती फरश्या चढल्या, आणि आपण नव्या फरशीवर उभं राहून जुन्या रेघेला बोटं लावतोय. मी हे सगळं पुतण्याला सांगायला तोंड उघडलं, पण तो आधीच स्टूल आणत होता.

“नवी रेघ मी ओढणार,” म्हणाला. लाल पेन्सिल कानावर. मी टेप दिली. जुनी रेघ पुसू काय म्हणून विचारलं तर नको म्हणाला. आप्पा पलंगावरून सगळं बघत होते. रोनाल्डोच्या नावानं ज्यांनी कधी हो म्हटलं नाही ते आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला बाजूला सारल्या आणि टेपचं टोक अंगठ्यानं टाइलला दाबून धरलं.

“धरलंय,” म्हणाले. “ओढ.”