होल्ड समजून

माझ्या डाव्या अनामिकेच्या पेरावर एक तिरकी पांढरी रेघ आहे. शिकायला येणाऱ्या नव्या माणसाची नजर तिच्यावर हमखास जाते आणि तो विचारतो, "उडताना लागलं का?" तसं काही नव्हतं. ते हेलिकॉप्टर टेबलावर होतं, त्याची मोठी पाती मी काढून ठेवली होती आणि स्विच मीच ओढला होता. तोही ते सुरू होऊ नये म्हणून.

रेडिओ कंट्रोलची हेलिकॉप्टरं दुरुस्त करणं आणि हौशी मंडळींना ती उडवायला शिकवणं हा माझा धंदा. त्या दिवशी आलेले गृहस्थ नवशिके होते, पण उतावळे मुळीच नव्हते. दोन महिने सिम्युलेटरवर हात बसवून मगच त्यांनी कुणाकडून तरी वापरलेलं ४५० साइजचं हेलिकॉप्टर रिमोटसकट घेतलं होतं. असा विद्यार्थी मिळणं म्हणजे नशीबच. बहुतेक जण आधी उडवतात, मोडतात आणि मग मोडलेलं खोक्यात भरून माझ्याकडे आणतात.

तरी एक वाक्य त्यांच्या तोंडून आलंच. "एवढंसं तर आहे, सर. याने काय होणार?"

यावर माझं ठरलेलं गणित आहे. पातं सव्वातीनशे मिलीमीटरचं, म्हणजे दोन पाती आणि मधला भाग धरून व्यास टोकापासून टोकापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर. मिनिटाला २८०० फेरे धरा. टोकाचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी ३७० किलोमीटर. आणि हे झालं धाकट्याचं. ७०० साइजच्या थोरल्याचे फेरे कमी, पण व्यास दुपटीहून मोठा, त्यामुळे त्याचं पातं ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका १९ वर्षांच्या मुलाचा स्वतःच्याच हेलिकॉप्टरचं पातं लागून जीव गेला. तो नवशिका नव्हता, चांगला सराव असलेला होता. मी हे सांगितल्यावर गृहस्थ गप्प झाले. मला त्याचं जरा समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग काम सुरू केलं. पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, म्हणजे स्वॉशप्लेट, सपाट आहे का, ती हलवणारी छोटी यंत्रं, म्हणजे सर्वो, बरोबर दिशेला चालतात का, जायरो शेपटी योग्य बाजूला सावरतो का, हे सगळं बॅटरी जोडूनच बघावं लागतं. म्हणून टेबलावर माझे दोन नियम. मोठी पाती काढायची आणि मोटरच्या तीन वायरी ईएससीपासून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीपासून, सोडवायच्या. सर्वोंना वीज मिळते, मोटरला नाही. पाती काढली, वायरी सोडवल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. एका गिऱ्हाइकाची तक्रार होती, प्रकरण जरा तापलेलं होतं. मी बोलत बोलत बाहेर गेलो.

दहा मिनिटांनी परत आलो तेव्हा गृहस्थ टेबलाशी उभे होते. रिमोट चालू करून ठेवलेला. माझं अर्धं डोकं अजून त्या फोनमध्येच होतं. मी बॅटरी जोडली. सर्वो एकदा थरथरले, जायरोचा दिवा लुकलुकून स्थिर झाला आणि ईएससीचे ते ओळखीचे सूर वाजले.

इथेच माझे कान उभे राहायला हवे होते. ते सूर ईएससीचे म्हणायचे, पण ते वाजतात मोटरमधून. ईएससी मोटरच्या वेटोळ्यांनाच थरथरवून आवाज काढतो, वेगळा भोंगा नसतो. वायरी सुटलेल्या असतील तर टेबलावर शांतता हवी. सूर ऐकू आले याचा अर्थ मोटर जोडलेली आहे. हे मी स्वतः कितीतरी जणांना शिकवलंय. त्या दिवशी ते सूर ऐकले आणि मनात आलं ते एवढंच, की चला, झालं सुरू.

हेलिकॉप्टर हलू नये म्हणून डाव्या हाताने शेपटीचा दांडा धरला, पार टोकाशी, छोट्या पंख्याजवळ. उजव्या हातात रिमोट घेतला आणि पाहतो तर मोटर बंद ठेवणारा होल्डचा स्विच वर. म्हणजे होल्ड काढलेला! या माणसाला एवढा दम दिला तरी, असं मनात म्हणत मी तो स्विच बोटाने खाली ओढला.

माझ्या रिमोटवर खाली म्हणजे होल्ड. त्यांच्या रिमोटवर उलटं होतं.

ज्यांनी हे यंत्र हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. या हेलिकॉप्टरला साधारण दोन तऱ्हांनी उडवतात. नॉर्मलमध्ये डावी स्टिक तळाशी नेली की मोटर थांबते. ही सवय आपल्याला खेळण्यांपासून लागलेली असते, खाली म्हणजे बंद. आयडल-अप नावाचा दुसरा स्विच टाकला की हा संबंधच तुटतो. मग स्टिक कुठेही असो, मोटर पूर्ण वेगाने फिरत राहते आणि स्टिक फक्त पात्यांचा कोन बदलते. उलटं उडायचं असेल तर हे लागतंच. या दोन्हींच्या वर हुकूम चालतो तो थ्रॉटल होल्डचा. तो लावला की बाकी काहीही असो, मोटर बंद. सगळी सुरक्षितता त्या एका स्विचवर असते, पण तो रिमोटवर कुठे असावा आणि कोणत्या दिशेला लागावा हे ज्याने-त्याने आपल्या सोयीने ठरवलेलं असतं.

आधीच्या मालकाने होल्ड 'वर' ठेवला होता. आयडल-अपचा स्विच मधल्या खाचेत, म्हणजे चालू होता. रिमोट चालू करताना स्विच चुकीच्या जागी असेल तर बहुतेक रिमोट ओरडतात. याने ती सूचनाही बंद करून टाकलेली. स्टिक तळाशी पाहून मी निर्धास्त होतो.

आधी गिअरची बारीक किरकिर ऐकू आली, मग वाढत जाणारी शीळ. बिनपात्यांचं हेड फिरायला लागलं. मोठी पाती नसली तरी बेल्ट शेपटीचा पंखा फिरवतोच, आणि मुख्य रोटरच्या एका फेऱ्यात तो चारहून जास्त फेरे घेतो. बोटाला आधी नुसती टिचकी बसल्यासारखं वाटलं. टेबलावर लाल ठिपक्यांची एक ओळ उमटली तेव्हा ते माझं रक्त आहे हे कळलं.

आणि उजव्या हाताचं बोट काय करत होतं? तोच स्विच आणखी खाली ओढत होतं. आधीच खाली असलेला स्विच! मोटर थांबवायची तर होल्ड, आणि होल्ड म्हणजे खाली, एवढंच त्या बोटाला ठाऊक. गृहस्थांनी हात पुढे करून तो वर ढकलला. शीळ उतरत गेली. ज्यांना मी सुरक्षितता शिकवत होतो त्यांनीच बंद केलं, कारण त्यांचा रिमोट त्यांना माहीत होता.

बोट वाचलं ते सॉफ्ट स्टार्टमुळे. ईएससी पहिल्यांदा मोटर सुरू करतो तेव्हा वेग हळूहळू चढवतो. पूर्ण वेगात ते पातं बोटावर आलं असतं तर चार टाक्यांवर निभावलं नसतं.

टाके घालून आल्यावर मी त्यांना वायरींबद्दल विचारलं. ते आधीच ओशाळले होते. "सुटलेल्या दिसल्या, सर. रंगाला रंग बघून नीट लावल्या." मनातून चिडलो होतो, पण बोलायला तोंड नव्हतं. मी त्या सोडवल्या तेव्हा का सोडवतोय हे सांगितलंच नव्हतं. व्यवस्थित माणसाला लोंबकळणारी वायर दिसली की तो ती जोडणारच.

त्यांना वाटलं आजचं काम संपलं. मीच म्हटलं, बसा, आता हा रिमोट पुरता उलगडून बघू. वायरी पुन्हा सोडवल्या, या वेळी का ते सांगून. पडद्यावर चॅनेलच्या पट्ट्या उघडल्या आणि एकेक स्विच हलवून कोणती पट्टी हलते ते बघितलं. मग फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर काय करायचं याचं सेटिंग. हेलिकॉप्टरमधल्या रिसीव्हरला वेगळी बॅटरी दिली, थ्रॉटलच्या जागी एक सुटा सर्वो लावला, तो अर्ध्यावर आणला आणि रिमोट बंद केला. संपर्क तुटल्यावर सर्वोने थ्रॉटल शून्यावर आणायला हवं. तो जिथे होता तिथेच राहिला. म्हणजे मैदानात रिमोटचा सिग्नल गेला असता तर मोटर होती त्याच वेगाने चालत राहिली असती, आणि हेलिकॉप्टर बॅटरी संपेपर्यंत किंवा कशावर तरी आदळेपर्यंत गेलं असतं. सेटिंग उघडून पाहिलं तर तिथे काय लिहिलेलं? 'होल्ड'. फेलसेफमधल्या होल्डचा अर्थ शेवटची स्थिती धरून ठेव, आणि थ्रॉटल होल्डचा अर्थ मोटर बंद ठेव. शब्द एकच, पण एक मोटर चालू ठेवतो आणि दुसरा बंद. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांना एकदा माझ्या टेबलाशी बसवावंसं वाटतं.

फेदरिंग शाफ्टही, म्हणजे मोठी पाती ज्याच्यावर धरलेली असतात तो आडवा दांडा, काढून काचेवर लोळवून पाहिला. किंचित वाकडा होता, बदलला. मोठ्या पात्यांपैकी एकाच्या कडेला नखाएवढी चीर होती. ती जोडी मी हाताने मोडून टाकली, कारण कचऱ्यातून परत उचलली जाणारी पाती मी पाहिलेली आहेत.

पंधरा दिवसांनी मैदानावर त्यांनी पहिला होव्हर केला, म्हणजे हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरलं. खाली टोकांना गोळे असलेल्या काड्यांचं ट्रेनिंग गिअर, शेपूट आपल्याकडे, दहा-बारा पावलांचं अंतर आणि मी त्यांच्या खांद्यामागे. उंची गुडघ्याएवढी, वेळ असेल वीस सेकंद. उतरवल्यावर आनंदात ते तडक हेलिकॉप्टरकडे निघाले. पाती अजून फिरत होती. मी मागून सदरा धरला.

त्यांच्या रिमोटवर आता होल्डच्या स्विचला लाल टेप आहे आणि दिशाही आम्ही बदलून घेतली, खाली म्हणजे होल्ड. माझ्यासारखी. ती आमची चूकच म्हणायची. त्यांची सवय 'वर'ची झाली होती. पुढच्या वेळी ते आले, मी म्हटलं, "होल्ड लावा," आणि त्यांनी अगदी सहज स्विच वर ढकलला. बॅटरी अजून पिशवीतच होती. दोघांनीही एकदम लाल टेपकडे पाहिलं. मग काही न बोलता मी सेटिंग उघडलं आणि दिशा होती तशी, त्यांच्या बोटाला ठाऊक असलेली, करून दिली.